नवस आईचा, नाव माझं

मंगळवार, रात्री साडेदहा

आज आईला तुळजापूरला नेऊन आणलं. पाय भरून आलेत, पण लिहून काढल्याशिवाय झोप लागणार नाही.

दोन महिन्यांपूर्वी माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. दुर्बिणीतून, तिसऱ्या दिवशी घरी. मी आत भुलीखाली असताना आई बाहेरच्या बाकावर बसून भवानीला बोलली होती, "लेक सुखरूप बाहेर येऊ दे, तिला घेऊन येईन आणि तुझी ओटी भरीन." मला हे कळलं पंधरा दिवसांनी, तिनं ट्रंकेतून हिरवी साडी काढून ठेवली तेव्हा. साडीचं काही नाही. ते "तिला घेऊन" मला टोचत राहिलं. मी देव मानत नाही हे आईला वीस वर्षं माहीत आहे. तरी माझ्या वतीनं, मला न विचारता, तिनं शब्द देऊन टाकला होता.

त्याच दवाखान्यात दाखल होताना फॉर्मवर धर्माचा रकाना होता. मी तो मोकळा सोडला. काउंटरवरच्या मुलानं आडनाव पाहिलं आणि भरून टाकला. "मोकळं ठेवता येत नाही मॅडम," एवढंच म्हणाला. सरकारी फॉर्मवरसुद्धा धर्म सांगायची सक्ती करता येत नाही, कुठलाच धर्म न मानण्याचा हक्क संविधानाच्या 25व्या अनुच्छेदातच आहे, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयानं 2014 मध्ये दिलाय. मला तो तोंडपाठ आहे. पण कळा येत होत्या, मी सही केली आणि व्हीलचेअरवर बसले. त्या सहीचं मला अजून वाईट वाटतं.

आमच्याकडे नास्तिक म्हटलं की माणसांना वाटतं, हिच्या आत काही नाहीच. जुन्या ग्रंथांत हा शब्द बराच नेमका होता. मनुस्मृतीत नास्तिक म्हणजे वेदांची निंदा करणारा. पाणिनीच्या सूत्रात 'नाही' अशी ज्याची मती, तो. म्हणजे तिथं निदान मती तरी धरलेली आहे. आता "हिला कशाचं काही नाही" असा अर्थ झालाय. मला तर फार काही वाटतं. शुद्धीवर येताना भूलतज्ज्ञ बाई माझ्या गालावर थोपटत नावानं हाक मारत होत्या, तो हात मी विसरणार नाही. दुसऱ्या दिवशी मी त्यांना शोधून आभार मानले, तेव्हा त्या म्हणाल्या, आमच्याकडे परत कोणी येत नाही. घरी मात्र दिवसभर "देवीची कृपा" चाललं होतं. मी आईला म्हटलं, अगं त्या डॉक्टरीणबाईंचं नाव तरी घे. ती म्हणाली, "त्यांच्या हाताला यश कुणी दिलं?" इथं बोलणं संपतं. गेली वीस वर्षं इथंच संपतंय.

तुळजापूरला जायचं की नाही यावर मी आठवडाभर घोळत होते. नाही म्हणावं असंच मनात होतं. मग एक जुनी गोष्ट आठवली.

20 ऑगस्ट 2013. तोही मंगळवारच होता. सकाळी पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर दाभोलकरांना गोळ्या घातल्या. मी ऑफिसात होते, दिवसभर कशात लक्ष लागलं नाही. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले, त्याचा वटहुकूम त्यांच्या जाण्यानंतर चारपाच दिवसांत निघाला. हे आठवलं की आजही घशात काहीतरी अडकतं. त्या रात्री आईचा फोन आला. निषेध नाही, हळहळ नाही. एकच वाक्य, "तू कुठं काही बोलत जाऊ नकोस गं बाई." तिचा आवाज कापत होता. देवावर एवढा भरवसा असलेली बाई त्या रात्री माणसांना घाबरली होती, आणि माझ्यासाठी घाबरली होती. ऑपरेशनच्या बाकावरची भीती हीच. तिला ती उतरवून ठेवायला एक जागा आहे, तिथं तिनं ठेवली.

म्हणून काल रात्री मी तिला सांगितलं, येते. तुझा हात धरते, रांगेत उभी राहते, ओटीचं सामान घेते. पण मी हात जोडणार नाही. तिथं तुझ्यासमोर नाटक करणं मला जमणार नाही, तुझ्याशी तर अजिबात नाही. ती वाती वळत होती. बऱ्याच वेळानं म्हणाली, "मी घेऊन येईन म्हटलं होतं. तू हात जोडशील असं नव्हतं म्हटलं."

सोलापूरहून सकाळची एसटी घेतली. माझं अर्धं तिकीट, पंचाहत्तरी ओलांडल्यामुळे तिचं फुकट. देवळात पायऱ्या उतरून जायचं असतं, तिचे गुडघे प्रत्येक पायरीला बोलत होते. गोमुखाच्या पाण्यानं तिनं डोळे पुसले. रांगेत पावणेतीन तास गेले. गाभाऱ्याशी पोचलो तेव्हा तिनं खण सारखा केला, नारळाची शेंडी समोर केली, आणि पुटपुटू लागली. इतकी वर्षं मी हे लांबून पाहिलं होतं, आज तिचा दंड माझ्या हातात होता. तिचं सगळं अंग थरथरत होतं. मी तिच्याकडे पाहत उभी राहिले. पुजारी म्हणाले, "ताई, नमस्कार करून घ्या, मागं गर्दी आहे." मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "ती माझ्यासोबत आलीये." आणि आम्ही पुढं सरकलो.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली. खोबऱ्याचा तुकडा मोडून अर्धा मला दिला, मी खाल्ला. मग एकदम म्हणाली, "माझं झाल्यावर काय करशील?"

"तू सांगशील ते सगळं. दहावं, तेरावं, कावळा शिवेपर्यंत थांबेन."

"आणि तुझं?"

हे तिला कधीतरी सांगायचं होतंच. सांगितलं, की मी देहदानाचा फॉर्म भरलाय, तीन वर्षं झाली, मेडिकलच्या मुलांना शिकायला. दोन्ही साक्षीदार ऑफिसातले होते.

ती बाहेर बघत राहिली. टोलनाका गेला. मग म्हणाली, "मला विचारलं नाहीस."

मी इतके दिवस नवसाबद्दल मनात हेच म्हणत होते. याच शब्दांत.

आता ती आतल्या खोलीत झोपलीये, पायांना तेल लावून दिलंय. हिरव्या साडीची रिकामी पिशवी तिनं घडी घालून उशीखाली ठेवलीये. उद्या सकाळी चहा झाला की तो फॉर्म काढून तिच्यासमोर ठेवणार आहे, तिला पूर्ण वाचून दाखवणार आहे. ती नको म्हणाली तर काय, हे मला माहीत नाही.