साळिंदराच्या बिळात अजगर : जांबोटीकडची एक सकाळ

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मामांचा फोन आला. "थंडी पडलीया. जनावर रोज भाईर येऊन बसालंय. बघायचं असलं तर चार दिसांत ये." मामा 'अजगर' म्हणत नाहीत. त्यांच्या वाडीत कुणीच म्हणत नाही, लांबडं किंवा जनावर. कन्नड बोलणारे शेजारी हेब्बाव म्हणतात, तेवढंच काय ते नाव कानावर पडतं.

डोंगरात अजगर नेमका कुठं राहतो, हा प्रश्न घेऊन दुसऱ्या दिवशी पहाटेच गाडी काढली. बेळगाव जिल्ह्यातली पिरनवाडी, किणये, मग जांबोटी. भातं कापून झाली होती, शेतात नुसती सडं आणि बांधावर पिंजराच्या गंज्या. जांबोटीत चहा घेतला आणि हब्बनहट्टीला नदीत उतरलो. मलप्रभेच्या पात्रातच इथला मारुती आहे. पावसाळ्यात पाणी चढलं की देऊळ बुडतं, पण आता खडकांच्या मधे हिरवे, थंड डोह तेवढे उरलेले. इथल्या डोहांत अजगर पाहिलेली माणसं मला भेटली आहेत. सगळं अंग पाण्याखाली आणि फक्त नाकपुड्या वर, असा तो तासन्‌तास पडून राहतो. पोहण्यात तो पटाईत आहे, त्यामुळे त्याची वस्ती शोधायची तर आधी पाणी शोधावं.

खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला पाण्याला तोटा नाही. कणकुंबीला उगम पावलेली मलप्रभा पूर्वेला कृष्णेकडे जाते आणि देगावच्या रानातली म्हादई पश्चिमेला गोव्यात उतरते. इतक्या जवळ उगम, पण एकीचं पाणी बंगालच्या उपसागरात, दुसरीचं अरबी समुद्रात. मधल्या पट्ट्यात भीमगडचं रान आहे. 2011 साली ते अभयारण्य झालं. अजगर म्हटलं की लोक त्या दाट रानाकडेच बोट दाखवतात. मीही बरीच वर्षं तसंच धरून चाललो होतो. पण कुठं दिसला, कधी दिसला, हे गावोगाव विचारून वहीत लिहायला लागलो तेव्हा बहुतेक जागा रानाच्या कडेच्या निघाल्या. ओढ्याचा काठ, काजूची बाग, उसाचा फड, खळ्यामागची दरड.

मामांच्या शेताजवळची जागा तशीच. नेमकी कुठं ते लिहीत नाही, आणि वाचणाऱ्यांनी विचारूही नये ही विनंती. जांभ्या दगडाची पुरुषभर उंचीची दरड, पायथ्याशी करवंदीच्या जाळ्या, तोंड आग्नेयेला. आम्ही पंचवीस-तीस पावलांवर बांधाआड बसलो. बिळाच्या तोंडाशी उकरलेल्या तांबड्या मातीचा ढीग, त्यात काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे तीन-चार काटे. बीळ साळिंदराचं.

नऊच्या सुमारास दरडीवर ऊन आलं. मातीवर सावलीचे चट्टे हलतायत असं वाटलं, मग त्यातला एक चट्टा हललाच नाही. दुर्बीण लावली. आधी गुलाबीसर डोकं, त्यावर भाल्याच्या पात्यासारखी तपकिरी खूण. मग दीड-दोन हात अंग बाहेर आलं आणि थांबलं. पाच-सात मिनिटांनी आणखी एक वेटोळं. पिवळट अंगावर कडा काळ्या झालेले तपकिरी ठिपके, आणि त्यावर ऊन पडलं की तेल लावल्यासारखी निळसर झाक. वरच्या ओठावर बारीक खळगे असतात, त्यांनी तो अंधारात उंदराच्या अंगाची ऊब ओळखतो. तिथून मात्र मला त्याचा श्वास तेवढा दिसत होता. अंग हळूहळू फुगायचं, बऱ्याच वेळानं बसायचं.

"आत साळ पण हाय," मामा कुजबुजले. "रात्री ती भाईर पडती. हे तिला काय करत न्हाई."

हे फक्त मामांच्या शेतातलं नवल नाही. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव उद्यानातही अजगर साळिंदराच्या बिळांत राहतात आणि हिवाळ्यात तोंडाशी ऊन खात बसतात. अजगराला स्वतः बीळ खोदता येत नाही. त्याचं रक्त थंड, म्हणून रात्री बाहेर गारठा असताना आत ऊब आणि उन्हाळ्यात गारवा देणारी जागा त्याला लागतेच. झाडाची ढोली, कपार किंवा दुसऱ्यानं खोदलेलं बीळ. आमच्याकडे रताळी खातं म्हणून साळिंदराला फासे लावतात. ज्या दरडीतलं साळिंदर संपलं, तिथली बिळं दोन-तीन पावसाळ्यांत ढासळतात आणि अजगराचं घरही जातं. डोंगरात अजगर कुठं राहतो या प्रश्नाला माझ्याकडे आता एवढंच उत्तर आहे. पाणी जवळ असलेल्या आणि सकाळचं ऊन येणाऱ्या ज्या दरडीत साळिंदर टिकून आहे, तिथं.

पुढे कणकुंबीला माउलीचं दर्शन घेऊन आलो. त्या बाजूच्या उघड्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, वारा झोंबत होता. वर गुरं चारणाऱ्यांनी अजगराचं नाव काढलं नाही, पण खालच्या ओहोळाकडे हात केला.

परतताना गेल्या वर्षीचा ऊस आठवला. तोडणी चालू असताना फडात अजगर निघाला आणि कुणीतरी कोयत्याच्या मुठीनं त्याच्या पाठीवर घातलं. मी पोचलो तेव्हा भीतीनं त्यानं पोटातली अख्खी घूस बाहेर टाकली होती. शेतकऱ्याचा ऊस नि भात खाणारी घूस! त्याला पोत्यावर घेतलं तेव्हा शेपटीच्या मुळाशी, दोन्ही बाजूंना, बारीक नख्या दिसल्या. पूर्वजांना मागचे पाय होते, त्याची उरलेली खूण. अंगात विष नाही, 1972 च्या वन्यजीव कायद्यात वाघाच्या बरोबरीनं पहिल्या अनुसूचीत नाव, आणि तिथं जमलेल्या दोघातिघांना मात्र सांधेदुखीसाठी त्याची चरबी हवी होती. त्या औषधात काडीचा अर्थ नाही, हे मी तिथंही सांगितलं आणि इथंही सांगतो. वनखात्याची माणसं येऊन त्याला घेऊन गेली. लांब नेऊन सोडू नका, इथल्याच ओढ्याकाठी सोडा, असा मी आग्रह धरला. अनोळखी रानात त्याला ना बीळ ठाऊक ना पाणी.

निघताना मामा म्हणाले, "पावसाच्या आदी ये. मादी असंल तर अंडी घालंल, तवा बघायला मिळंल."

मी नको म्हटलं. मादी अंड्यांना वेटोळं घालून दोन महिने बसते, त्या काळात खाणंही जवळजवळ बंद. मामांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "मग त्या अंगाला शेरडं पण नेत न्हाई." जूनपर्यंत दरडीकडची वाट काटेरी फांद्या टाकून बंद करायचं ठरलं, आणि मामांनी त्याच संध्याकाळी दोन फांद्या तोडून आणल्या.