तुम्ही विचारलंत म्हणून: लातुरात काचघर का नाही?

लेकीकडे ग्लासगोला दोन उन्हाळे राहून आले, तिच्या काचघरातल्या टोमॅटोंचे फोटो गल्लीत सगळ्यांना दाखवले, ही माझीच चूक. तेव्हापासून जो भेटेल तो विचारतो, "बाई, एवढं शिकून आलात, मग इथं अंगणात का नाही बांधत तसलं?"

विचारणाऱ्याला मी म्हणते, चैत्रात भर दुपारी उन्हात उभ्या केलेल्या गाडीत काचा वर करून पाच मिनिटं बसा. ऊन काचेतून आत येतं, आतलं सगळं तापतं आणि तापलेल्या हवेला बाहेर पडायला वाट नसते. काचघर म्हणजे तेच. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तिथं ती गाडी हवीय कुणाला?

ग्लासगोची गोष्ट उलटी. जूनमध्ये सतरा तासांहून मोठा दिवस, पण दुपारचा पारा साधारण 18-19 अंशांवर. उजेड भरपूर, ऊब नाही. टोमॅटोला रात्रीही थोडी ऊब लागते, नाहीतर फूल येतं आणि गळून जातं. म्हणून लेकीनं परसात सहा बाय आठ फुटांचं काचघर उभं केलंय. आपल्या देवघराहून थोडं मोठं म्हणा.

मला वाटायचं ते फक्त उबेसाठी. तिथं राहिल्यावर कळलं, निम्मं काम छत्रीचं आहे. पाऊस असा की पडतोय म्हणावं तर दिसत नाही, नाही म्हणावं तर पदर ओला. पानं अशी ओली राहिली की उशिराचा करपा येतो. 1845 पासून आयर्लंडचे बटाटे ज्यानं नासवले, तोच हा रोग. टोमॅटो बटाट्याच्याच कुळातला. काचेखाली पानं कोरडी राहतात, त्यामुळे करपा सहसा लांबतो.

आणि ती पानं मीच ओली केली. इथं उन्हाळ्यात आपण दिवस कलल्यावर पाणी घालतो, सकाळी घातलेलं दुपारपर्यंत उडून जातं म्हणून. तीच सवय घेऊन मी रोज संध्याकाळी झारीनं वरून पाणी घालायची आणि गारठा नको म्हणून दार गच्च लावून घ्यायची. पंधरा दिवसांत खालच्या पानांवर, देठांवर राखेसारखी बुरशी. लेक चिडली नाही, पण म्हणाली, "आई, पाणी सकाळी, बुडाशी. आणि पाऊस असला तरी दार थोडं उघडं." चाळीस वर्षं शाळेत शिकवलं, आणि झारी कशी धरायची हे लेकीकडून शिकले.

छताला एक खिडकी होती, ती आपोआप उघडायची. वीज नाही, मोटार नाही. नळीत मेण असतं, तापलं की फुगतं आणि दांडा ढकलतं, निवलं की खिडकी मिटते. ढग सरले की बाहेर 14 अंश असतानाही आत तिशी सहज गाठायची. मी ती खिडकी बघत चहा प्यायचे.

छताचं पाणी पन्हाळीतून पिंपात जायचं. पावसाच्या गावात पाणी साठवतात याचं मला हसू आलं होतं. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी आम्ही लातूरकरांनी पाहिलंय, आम्ही साठवणारच. यांना काय गरज? लेक म्हणाली, नळाचं पाणी फार गार येतं, काचघरातल्या पिंपातलं जरा कोमट राहतं, मुळांना बरं. पाऊस नसेल त्या आठवड्यातही कामी येतं.

तर इथं मी काय केलंय? बांबूच्या चौकटीवर हिरवी शेडनेट, निम्मी सावली देणारी. वर आणि पश्चिमेला जाळी, उत्तर-दक्षिण मोकळी. होळी झाली की चढवते, मृगाचा पाऊस लागला की उतरवते, कारण ढगाळ दिवसांत सावली नको आणि जाळीतून पाऊस गळतोच. एप्रिलात तिच्याखाली मेथी-कोथिंबीर येते, टोमॅटोचं मात्र खरं नाही. फुलं येतात, पण पस्तिशीपुढच्या उकाड्यात फळ धरत नाही. ते मी दिवाळीच्या सुमाराला मोकळ्या वाफ्यात लावते. सगळा थाट ठिबकवर, नळी मुळाशी.

परवा लेकीनं व्हिडिओ कॉलवर जाळी पाहिली आणि म्हणाली, "आमच्याकडे ऊन कोंडायचं, तुझ्याकडे हाकलायचं." मी म्हटलं, आधी तुझं दार दाखव, उघडं आहे का. बंद होतं.