दहा मीटरवरची चिमणी

पहिला डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा आणि आत आरसा असलेला कॅमेरा, घ्यायचा हे मनाशी पक्कं झालं आणि त्यानंतर चार महिने मी कुठल्याच कॅमेऱ्याला हात लावला नाही. त्या चार महिन्यांत मी एक तक्ता केला. उभ्या रकान्यांत मॉडेलं, आडव्या ओळींत मेगापिक्सेल, फोकस पॉइंट, सेकंदाला किती फ्रेम, वजन. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या एखाद्याला बाद करायचं आणि सकाळी दात घासताना त्यालाच परत आत घ्यायचं, असं चाललं होतं. कुठल्याही निवड समितीने इतके फेरबदल केले नसतील.

हा सगळा खटाटोप पाखरांचे फोटो काढण्यासाठी होता. पण तक्त्यात पाखरू कुठेच नव्हतं.

हे माझ्या लक्षात आणून दिलं एका मित्राने. तो बरीच वर्षं दुर्बीण आणि कॅमेरा गळ्यात अडकवून हिंडतोय. त्याने तक्ता मन लावून वाचला, "मेहनत घेतलीस" म्हणाला आणि विचारलं, "पण तुझी चिमणी बसते किती लांब?"

मला उत्तर येईना. मग त्याने टेबलावरचं माझं चष्म्याचं घर उचललं आणि बाहेर कुंपणाच्या भिंतीवर नेऊन ठेवलं. "लांबी साधारण पंधरा सेंटिमीटर. चिमणी एवढीच असते. आता दहा ढांगा मागे जा." गेलो. त्याने आपल्या कॅमेऱ्याला १८-५५ लावली होती, म्हणजे नवशिक्यांच्या कॅमेऱ्याबरोबर बहुधा जी येते तीच लेन्स. आकडे मिलिमीटरचे; आकडा जितका मोठा, तितकं लांबचं मोठं दिसतं. ती ५५वर नेऊन मी बघितलं. भिंत दिसली, भिंतीमागचं झाड दिसलं, वर आभाळही थोडं दिसलं. घर मात्र, चष्मा डोळ्यांवर असूनही, चटकन सापडेना.

हिशेब शाळेतल्या समरूप त्रिकोणांचाच आहे, फक्त तेव्हा त्यात चिमणी असते हे कुणी सांगितलं नव्हतं. पंधरा सेंटिमीटरची वस्तू, दहा मीटर अंतर, ५५ मिलिमीटरची लेन्स: सेन्सरवर, म्हणजे फिल्मच्या जागी प्रकाश टिपणाऱ्या चौकोनी तुकड्यावर, तिची प्रतिमा पडते ०.८ मिलिमीटरची. सेन्सरची रुंदी साडेतेवीस. फ्रेममध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत अशा अठ्ठावीस चिमण्या ओळीने बसवता येतील. ३०० मिलिमीटरची लेन्स लावली की तीच चिमणी साडेचार मिलिमीटरची होते, म्हणजे फ्रेमच्या पाचव्या हिश्शाएवढी. आता ती चिमणी दिसते, चोच दिसते, नशीब असेल तर डोळ्यातला प्रकाशाचा ठिपकाही.

आणि माझे मेगापिक्सेल? १८ घ्यावेत की २४, यावर मी पुरते तीन आठवडे घालवले होते. १८ मेगापिक्सेलच्या फोटोत रुंदीला ५१८४ ठिपके असतात, २४च्या फोटोत ६०००. सेन्सर सारख्याच आकाराचा असेल तर पाखराच्या वाट्याला त्यातून साधारण सोळा टक्के जादा ठिपके येतात. दहा मीटरवरून साडेआठ मीटरवर आलं तरी तेवढेच मिळतात. तीन आठवड्यांचा तो पेच दोन पावलांत सुटला असता.

त्या संध्याकाळी तक्ता मिटला आणि पैशांची वाटणी उलटी झाली. आधी लेन्स, मग उरेल त्यात बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा. ५५-२५० किंवा ७०-३०० यांपैकी एखादी, शक्यतो हाताची थरथर सावरून घेणारी. इथे लहान सेन्सर आपल्या बाजूने असतो. फिल्मच्या चौकटीएवढ्या मोठ्या सेन्सरपेक्षा तो सुमारे दीडपट अरुंद असल्याने तीनशेची लेन्स साडेचारशेची असल्यासारखं दृश्य देते. अर्थात थरथरही त्याच प्रमाणात वाढते. शटरचा वेग सेकंदाच्या १/५००च्या खाली नेऊ नये असं सांगतात ते यासाठी, आणि उडत्या पाखराला तेवढंही पुरत नाही.

बॉडी मी वापरलेली घेतली. आता सगळ्यांचा ओढा मिररलेसकडे, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे, आहे. कॅनन आणि निकॉन, दोघांनीही २०२० नंतर नवा डीएसएलआर आणलेला नाही. त्यामुळे चांगल्या स्थितीतले कॅमेरे लोक कपाटं रिकामी करायला काढतात. जुनाट वस्तू घेतोस, असं मला दोघा-तिघांनी ऐकवलं. असेल. पण डीएसएलआरमधून बघताना आपण काचेतून आणि आरशावरून येणारा खराखुरा प्रकाश बघतो, त्याला बॅटरी लागत नाही. निकॉन डी३५००ची बॅटरी प्रमाणित चाचणीत एका चार्जमध्ये १५५० फोटो देते. झुडपामागे तासन्‌तास डोळा लावून बसणाऱ्याला हे सुख कळतं.

वापरलेला कॅमेरा घेताना शटर किती वेळा पडलंय हे विचारायचं. साध्या बॉडींचं शटर साधारण लाखभर फोटोंचं धरतात. लेन्समध्ये टॉर्च मारून आरपार बघायचं. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, मग कितीही स्वस्त असली तरी हात जोडून परत करायची. आणखी एक खोच आहे. निकॉनचा एफ माउंट, म्हणजे बॉडीवर लेन्स अडकवायची खाच, १९५९पासून चालत आलाय, म्हणून जुनी लेन्स नव्या बॉडीवर खटकन बसते आणि आपण हरखून जातो. पण डी३५०० किंवा डी५६०० अशा बॉडींत फोकसची मोटर नाही. ती लेन्समध्येच असावी लागते, म्हणजे निकॉनच्या लेन्सवर एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलेलं हवं. नसेल तर फोकस हाताने फिरवत बसा, तोवर पाखरू दुसऱ्या झाडावर. कॅननचा १९८७चा ईएफ माउंट या बाबतीत सरळ आहे. ऑटोफोकस असेल तर मोटर लेन्समध्येच.

चष्मेवाल्यांसाठी एक बारकी गोष्ट. व्ह्यूफाइंडरच्या शेजारी बोटाच्या पेराएवढं चाक असतं, ते फिरवून नंबर जुळवता येतो. मला हे दोन महिन्यांनी कळलं. तोपर्यंत माझा समज होता की स्वस्त कॅमेऱ्यातून जग असंच पुसट दिसत असणार.

त्या १८-५५ला मात्र मी अडगळीत टाकलं नाही. ती पाव मीटरपर्यंत जवळ जाऊ देते. अळंबी, दंव धरलेलं कोळ्याचं जाळं, पानाखालची अळी, ही मंडळी उडून जात नाहीत आणि त्यांच्यासमोर पोटावर झोपलं की तीच लेन्स गुणी वाटायला लागते. कपडे खराब होतात, तेवढंच.

पाखरांची गोष्ट वेगळी. त्यांच्यासाठी अंतर कमी करण्याचे दोनच मार्ग आहेत: लेन्स लांब करा किंवा स्वतः जवळ जा. दहा मीटरवरून पाच मीटरवर पोचलं तर ३००ची लेन्स ६००चं काम करते. तो उरलेला पाच मीटरचा प्रवास मला अजून जमलेला नाही. उभा असलो तर उडतं, वाकलो तर उडतं. एकाच जागी गप्प बसून राहिलो तर कधीमधी आपणहून जवळ येतं, पण नेमकं तेव्हाच मला शिंक येते.

पहिला खंड्या मिळाला तो असाच, बसून बसून. डीएसएलआरची एक गंमत आहे: फोटो निघतो त्या क्षणी आरसा वर गेलेला असतो, आणि डोळ्यापुढे अंधार. म्हणजे जे टिपलं तेवढंच आपण बघितलेलं नसतं. मी बटण दाबलं. खंड्या फांदीवर होता, मग क्षणभर काळोख, मग नुसती फांदी वरखाली हलत होती. स्क्रीनवर बघितलं. मधोमध फांदी अगदी धारदार, आणि उजव्या कडेला निळा फराटा. शेपटी असावी.

मी उठलो, पँट झटकली आणि फांदीपर्यंतची पावलं मोजली. चौदा.