अक्षता आधी, ‘सावधान’ नंतर : मिनीडीव्ही टेप संगणकावर घेताना

आतेबहिणीच्या 2003 सालच्या लग्नाची मिनीडीव्ही टेप (छोटी डिजिटल व्हिडिओ कॅसेट) संगणकावर घेण्यासाठी मी ती प्रथम एका स्टुडिओत दिली होती. परत मिळालेल्या फाइलमध्ये आदल्या संध्याकाळचे सीमांतपूजन ठीक होते. मात्र लग्न सुरू होताच भटजींचा आवाज जड आणि संथ होत गेला आणि वऱ्हाडी अक्षता टाकून पंगतीकडे वळले तरी मंगलाष्टके संपेनात. ‘टेप जुनी झाली, आवाज असाच येणार’ हे उत्तर मी तीन खेपांना ऐकले आणि पैसेही पूर्ण मोजले.

हे उत्तर मला पटत नव्हते, कारण तीच टेप कॅमेऱ्यातून थेट टीव्हीवर लावली की आवाज खणखणीत येई. अखेर जुन्या डेस्कटॉपमध्ये फायरवायर कार्ड (कॅमेऱ्यातले चित्रण केबलने संगणकात घेण्याची जोडणी) बसवून मी स्वतःच कामाला लागलो. (माझ्या कॅमेऱ्याच्या यूएसबी पोर्टातून केवळ स्थिरचित्रे जातात, हे कळण्यात एक रविवार गेला.) पहिल्या प्रयत्नात माझ्याही फाइलमध्ये आवाज नेमका त्याच ठिकाणी बिघडला, तेव्हा दोष टेपचा नसून घेण्याच्या पद्धतीचा असावा, अशी खात्री पटली.

उलगडा झाला तो कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर. सीमांतपूजनाच्या वेळी तेथे ‘12 बिट’ दिसे आणि लग्नाचे चित्रण सुरू होताच ‘16 बिट’. मधल्या रात्री कोणीतरी, बहुधा मीच, मेनूमधील ध्वनीची सेटिंग बदलली असणार. 12 बिटमध्ये ध्वनीचे सेकंदाला 32,000 नमुने (क्षणाक्षणाची मापे) नोंदले जातात, तर 16 बिटमध्ये सहसा 48,000. कॅप्चर करणारे, म्हणजे टेपवरचे चित्रण फाइलमध्ये उतरवणारे, सॉफ्टवेअर सुरुवातीला जो दर पाहते, तोच संपूर्ण फाइलसाठी धरून चालते. त्यामुळे पुढचे 48,000 नमुने 32,000 च्या चालीने वाजतात, म्हणजे एका मिनिटाचा आवाज दीड मिनिट रेंगाळतो आणि चित्रात तीन मिनिटे उलटतात तेव्हा ध्वनी दोन मिनिटांपर्यंतच पोचलेला असतो. हे त्या स्टुडिओवाल्याला ठाऊक नसावे, याचा मला आजही राग येतो.

उपाय मात्र साधा निघाला. सेटिंग जेथे बदलते तेथे कॅप्चर थांबवावे, टेप थोडी पुढे नेऊन बदलानंतरच्या भागापासून नवी फाइल सुरू करावी आणि बदलाच्या ठिकाणचे एक-दोन सेकंद सोडून द्यावेत. सलग तासभराची टेप असली तरी मी आता वीस-वीस मिनिटांचेच तुकडे घेतो, कारण घरगुती डीव्ही कॅमेऱ्यात ध्वनीचे घड्याळ चित्राच्या घड्याळाशी घट्ट बांधलेले नसते आणि लांब फाइलच्या शेवटी ओठ व शब्द यांत किंचित अंतर पडू शकते. तासाभराच्या चित्रणाला सुमारे 13 जीबी जागा लागते, तेव्हा डिस्क आधीच मोकळी करावी. कॅप्चर चालू असताना दुसरे काही उघडू नये, कारण फ्रेम (चित्रणातली एकेक चित्रे) गळल्या तरीही आवाज आणि चित्र यांचा मेळ बिघडतो.

आधीच सांगायला हवे होते : फायरवायरची केबल दोन्ही यंत्रे बंद असताना जोडावी आणि टोक उलटे घुसवू नये, नाहीतर पोर्ट जळण्याचा धोका असतो.

दुसऱ्या फाइलमध्ये अखेर ‘सावधान’ आणि अक्षता एकाच क्षणी आल्या, तेव्हा मी तो क्षण चार वेळा मागे नेऊन पाहिला.