केमो लागेल का? माझ्या गाठीच्या जनुकांची तपासणी

स्तनाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली, काखेतल्या गाठींपर्यंत कॅन्सर पोचलेला नव्हता. घरच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मला मात्र एकच प्रश्न कुरतडत होता: केमो घ्यावी लागेल का?

रिपोर्टमध्ये ईआर, पीआर पॉझिटिव्ह होते, म्हणजे गाठ हार्मोनवर वाढणारी. हर-टू (कॅन्सरच्या पेशींची वाढ वेगानं घडवणारं प्रथिन) मात्र '२+' आलं, ना धड होकार, ना नकार. ३+ असतं तर हर-टूला रोखणारी ट्रास्टुझुमॅबसारखी औषधं लागली असती. २+ आलं की फिश तपासणीत हर-टू जनुकाच्या प्रती वाढल्यात का, ते मोजतात. माझ्या वाढलेल्या नव्हत्या, म्हणजे हर-टू निगेटिव्ह. पण तो रिपोर्ट येईपर्यंतचा काळ मला शस्त्रक्रियेपेक्षा जड गेला.

मग ऑन्कोलॉजिस्ट मॅडमनी ऑन्कोटाइप डीएक्स ही २१ जनुकांची चाचणी सुचवली. त्यासाठी पुन्हा सुई टोचत नाहीत. काढलेल्या गाठीचा तुकडा मेणात जपून ठेवलेला असतो, तो ब्लॉकच प्रयोगशाळेत जातो. म्हणून आपले ब्लॉक आणि स्लाइड्स कोणाकडे आहेत, हे प्रत्येकीनं विचारून ठेवावं. २१ पैकी १६ जनुकं कॅन्सरशी संबंधित, उरलेली ५ तुलनेपुरती. ती किती सक्रिय आहेत यावरून कॅन्सर परत येण्याचा धोका दाखवणारा ० ते १०० मधला एक आकडा मिळतो.

माझा आला १७. "हे टक्के नाहीत हं," मॅडमनी आधीच बजावलं. टेलरएक्स या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. काखेत न पसरलेला, हार्मोन पॉझिटिव्ह आणि हर-टू निगेटिव्ह कॅन्सर असलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या बायकांचा आकडा ११ ते २५ मध्ये असेल, तर हार्मोन रोखणाऱ्या गोळ्यांवर केमोची भर घालून फायदा दिसला नव्हता. मी पन्नाशी कधीच ओलांडली आहे. हाच १७ चाळिशीतल्या बाईला आला असता तर चर्चा वेगळी झाली असती, कारण पन्नाशीपर्यंतच्या बायकांना १६ ते २५ मध्ये केमोचा थोडा फायदा दिसला होता.

त्या अभ्यासात १०,००० हून अधिक बायका होत्या. ११ ते २५ आकडा आलेल्यांपैकी कोणाला केमो द्यायची आणि कोणाला नाही, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरलं होतं. स्वतःचा जीव पणाला लागलेला असताना त्यांनी ते मान्य केलं. माझी केमो टळली ती त्यांच्यामुळे, हे माझ्या मनातून जात नाही.

आता रोज लेट्रोझोल ही हार्मोन रोखणारी गोळी. सांधे धरतात, हाडांची घनता तपासून घेतली आहे.

माझ्या आत्यालाही हाच आजार होता, म्हणून ब्राका (ज्यांतल्या दोषामुळे या कॅन्सरचा धोका वाढतो ती जनुकं) तपासणीसाठी रक्त दिलंय. ही तपासणी निराळी: गाठीची नव्हे, जन्मतः मिळालेल्या जनुकांची. समुपदेशकाकडे लेकही सोबत आली होती. माझ्यात दोष सापडला, तर तिची इच्छा असल्यास नेमका तोच दोष तिच्या रक्तात शोधतील.