पासवर्ड आधी, एचबीए फाइल शेवटी

आमचा पोस्टग्रेस डेटाबेसचा सर्व्हर पासवर्ड साठवण्या-तपासण्याच्या जुन्या एमडी५ पद्धतीवरून नव्या स्क्रॅमवर एकदाचा आणला. अकाउंट्सवाल्यांनी आधीच कल्ला केला होता, "ऐन महिनाअखेरीला सगळ्यांचं लॉगिन बंद पाडाल!" क्रम सांभाळला तर तसं काही होत नाही.

बहुतेक जण आधी पीजी_एचबीए फाइलला हात घालतात; कोण, कुठून, कोणत्या पद्धतीने आत येईल ते ही फाइल ठरवते. एमडी५ खोडून स्क्रॅम लिहायचं, रीलोड मारायचं. मग जुने हॅश (पासवर्डचं साठवलेलं सांकेतिक रूप) असलेला एकही युजर आत येत नाही, कारण एमडी५च्या हॅशपासून स्क्रॅमचा हॅश बनत नाही. पासवर्ड नव्यानेच द्यावा लागतो. फाइलमध्ये एमडी५ तसंच राहू दिलं, तर ज्याचा पासवर्ड स्क्रॅममध्ये साठवलाय त्याच्याशी सर्व्हर त्याच ओळीवर निमूट स्क्रॅमनेच बोलतो. २०१७च्या आवृत्ती १०पासून ही सोय आहे.

म्हणून आधी पासवर्ड_एन्क्रिप्शन ही सेटिंग तपासली; नवा पासवर्ड कोणत्या पद्धतीत साठवायचा ते ती ठरवते. आवृत्ती १४पासून डीफॉल्ट स्क्रॅमच आहे, पण आमची कॉन्फिग फाइल जुन्या सर्व्हरवरून उचललेली, त्यात एमडी५ बसलेलं. ते बदललं आणि एकेकाला पीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या कमांड प्रोग्राममध्ये बॅकस्लॅश-पासवर्ड ही कमांड द्यायला लावली. ऑल्टर रोल या कमांडने दिला तर पासवर्ड उघडाच लॉगमध्ये जाऊ शकतो. पीजी_ऑथआयडी या युजरांच्या टेबलमध्ये कोणाचा हॅश अजून 'एमडी५'ने सुरू होतो, ते रोज बघत होतो.

अडलं ते रिपोर्टचं जुनं जावा सॉफ्टवेअर: 'ऑथेंटिकेशन टाइप १० सपोर्टेड नाही'. डेटाबेसशी बोलणारा त्याचा ड्रायव्हर ४२.२.०च्या आधीचा होता, त्याला स्क्रॅम येत नव्हतं. ड्रायव्हरची जार फाइल बदलली, चाललं.

एवढा खटाटोप कशाला? एमडी५चा हॅश कोणी चोरला तर पासवर्ड न फोडता त्या हॅशवरच लॉगिन होतं. शिवाय आवृत्ती १८ एमडी५ पासवर्ड ठेवताना इशाराच देते.

शेवटी एचबीए उघडली, तर वरच अख्ख्या ऑफिसच्या सबनेटला 'ट्रस्ट'! आधीच्या व्हेंडरची कृपा. यात पहिली जुळणारी ओळ लागू होते, खालच्या बघितल्याच जात नाहीत. म्हणजे ऑफिसातून कोणीही, कोणत्याही युजरच्या नावाने, पासवर्डशिवाय आत. ती ओळ आधी उडवली, खाली स्क्रॅम लिहिलं आणि रीलोडआधी फाइलमधल्या चुका दाखवणाऱ्या पीजी_एचबीए_फाइल_रूल्समध्ये चूक नाही ना, ते बघून घेतलं.

आता एमडी५वर फक्त हजेरीच्या मशीनचा युजर उरलाय. त्यांचा माणूस "उद्या येतो साहेब" म्हणतोय. तोवर तेवढ्याच आयपीपुरती आणि त्याच युजरपुरती एमडी५ची एक ओळ स्क्रॅमच्या वर ठेवलीय.