नॉमिनी आणि मालक

बाबा गेल्यानंतर आज पहिल्यांदा आईसोबत सोसायटीच्या ऑफिसात गेले. नॉमिनी म्हणून माझं नाव आहे. जिन्यात एक काकू म्हणाल्याच, "म्हणजे फ्लॅट आता तुझाच की!"

तसं नसतं हो. सहकार कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनंतर नॉमिनीला मिळतं ते तात्पुरतं सभासदत्व. मालकी वारसांचीच. बाबांनी मृत्युपत्र केलेलं नाही, म्हणजे १९५६च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आई, दादा, मी आणि आजी, चौघांचा सारखा वाटा. मुलाच्या घरात आईचाही वाटा असतो, हे आमच्याकडे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. आजीच्या तर नाहीच!

सल्ले मात्र तेराव्यापासूनच सुरू आहेत. विकून टाका, भाड्याने द्या, आईला दादाकडे पाठवा. दादा म्हणतो, आईच्या नावे हक्कसोडपत्र करून देऊ. मनाने चांगलाच आहे तो. पण ते नोंदणी करून होतं, आणि एकदा झालं की सहजी फिरवता येत नाही. म्हणून मीच मोडता घातला: वर्षश्राद्धापर्यंत विक्री नाही, हक्कसोड नाही. मेंटेनन्स, लाइटबिल, घरपट्टी भरत राहायची, बास.

आईला विचारलं तर म्हणाली, "मालकीचं नंतर बघा, आधी मोरीचा नळ दुरुस्त करा."

उद्या प्लंबर येतोय.